जास्वंदीवरचा पांढरा कापूस: फवारणीच्या आधी या चुका टाळा

शेंड्याकडची पानं चुरगळल्यासारखी आखडतात, कळ्या उमलायच्या आत पिवळ्या पडून गळतात आणि पानाच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसतो. जास्वंदीवर हे दिसलं की समजायचं, पिठ्या ढेकूण आला. नर्सरीत त्यालाच मिलीबग म्हणतात. या एका किडीपायी लोक वाढलेली झाडं कुंडीतून उपटून टाकतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. कारण त्यातली बरीच झाडं वाचण्यासारखी असतात.

आमच्या बाल्कनीतल्या लाल गावठी जास्वंदीवर एका मार्चमध्ये तो आला. मी तीन वेळा फवारणी केली. दर वेळी आठवडाभर झाड स्वच्छ दिसायचं आणि मग पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या काकू कुंडीजवळ वाकून म्हणाल्या, "अगं, या मुंग्या कुठे चालल्यात ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. ग्रिलवरून रांग निघाली होती, फांदीवर चढून थेट त्या पुंजक्यांपर्यंत.

पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि अंगातून गोड, चिकट द्रव बाहेर टाकतो. मुंग्या त्यासाठीच येतात. त्या बदल्यात त्या किडीच्या शत्रूंना हुसकावतात, शिवाय पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर, दुसऱ्या कुंडीतही नेऊन ठेवतात. खालची पानं हाताला चिकट लागत असतील किंवा त्यांवर काजळीसारखा काळा थर बसला असेल, तर तो याच गोड द्रवावर वाढलेल्या बुरशीचा असतो. तो रोग समजून बुरशीनाशक मारू नका. कीड गेली की ओल्या फडक्यानं पुसून निघतो.

म्हणून सगळ्यात आधी मुंग्यांची वाट तोडा. कुंडी भिंतीला, ग्रिलला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली असेल तर सरकवा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर पायांना व्हॅसलीनचा जाड पट्टा लावा. वाट्यांतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

दुसरी चूक म्हणजे एका फवारणीत काम झालं असं मानणं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून तो पुंजका एकदा नीट बघा. गुलाबीसर, मऊ अंगाची मादी आणि तिच्याभोवती मेणाची पांढरी पूड दिसेल. या मेणावरून पाणी घरंगळून जातं, औषधही जातं. कापसासारखी जी पिशवी दिसते तिच्यात शेकडो अंडी असू शकतात. त्यांतून निघालेली पिल्लं मात्र टाचणीच्या टोकाएवढी, फिकट, पळती आणि मेणाशिवायची असतात. फवारणीचा खरा उपयोग या पिल्लांवर होतो. आज मोठे मेले तरी सहा-सात दिवसांत पुढची अंडी फुटतात. म्हणून दर सहा-सात दिवसांनी, अशा निदान चार फवारण्या लागतात. झाड स्वच्छ दिसतंय म्हणून दुसऱ्या आठवड्यात थांबलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि औषधाच्या आधी हात लावा. जास्त आखडलेले शेंडे सरळ छाटा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात किंवा शेजारच्या कुंडीत टाकू नका. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, बेचक्यांतून जुना टूथब्रश फिरवा. चार-दोन पुंजके असतील तर मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन प्रत्येक किडीला टेकवा. हे केल्यावर निम्मी लढाई औषधाशिवायच होते.

आता कडुनिंबाचं तेल. ते चांगलं आहे, पण बहुतेक जण ते नुसतं पाण्यात ओततात आणि बाटली हलवतात. तेल वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्यात नुसतं पाणी आणि शेवटच्या फवाऱ्यात घट्ट तेल, आणि मग पानं करपली की दोष तेलाला. ५ मिली तेलात आधी भांड्यांचा लिक्विड साबण साधारण २ मिली घाला, दुधाळ होईपर्यंत घोटा, मग एक लिटर कोमट पाणी थोडं थोडं घालत जा. पाण्यावर तेलाचे गोल दिसले तर मिसळलेलं नाही. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, ती पानांना भाजते. थंडीत तेल बाटलीत गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी ठेवायची. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा, मग उन्हं उतरल्यावर पूर्ण झाडावर, पानांच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यांत नीट मारा. कडुनिंबातला अ‍ॅझाडिरेक्टिन हा घटक किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो, जागच्या जागी मारत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कीड हलताना दिसली तर औषध खोटं ठरत नाही. उन्हात तो काही दिवसांत निकामी होतो, हेही पुन्हा फवारण्याचं एक कारण.

एक चूक मला आजही बोचते. पुंजक्यांमध्ये एकदा मला मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे किडे दिसले. मिलीबगच मोठे झालेत असं समजून मी ते चिरडले. त्या क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणलेला. पिठ्या ढेकूण हेच त्याचं खाणं. द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार तो मुद्दाम बागेत सोडतात. ओळखायचं कसं? मिलीबग सुमारे ३ मिलिमीटरचा, काडीनं डिवचला तरी जेमतेम हलतो. ही अळी त्याच्या तिप्पट-चौपट लांब होते आणि डिवचली की लगबगीनं चालू लागते. तिचा भुंगेरा काळसर, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. हे दिसले तर फवारणी थांबवा आणि फक्त मुंग्या अडवा.

प्रत्येक कीड मिलीबग नसते, आणि सगळ्यांवर एकच औषधही चालत नाही. उन्हाळ्यात पानांवर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली तर ते लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागतील. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटक नाहीच. त्यामुळे अनेक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मात्र मरतात. पानांच्या खालून रोज पाणी मारणं हाच पहिला उपाय. कुंडीभोवती चिलटं उडत असतील तर दोष जास्त पाण्याचा: वरचा इंचभर थर सुकू द्या. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे फुलपाखराचं पिल्लू आहे. चार पानं तिला खाऊ द्या, ही माझी विनंती.

घरात शेतीची विषारी औषधं आणू नका. "एक थेंब पुरतो" म्हणून सुटी बाटली कुणी दिली तरी नको. डायक्लोरव्हॉससारखी औषधं ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत, तरी जुन्या बाटल्या घराघरांत पडून असतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तीही मोकळ्या रानात. आपण तर ग्रिल लावलेल्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी उभे असतो. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तुळस, कढीपत्ता, पुदिना यांवर तर यातलं काहीच नको. तंबाखूचं पाणीही टाळा. निकोटीन माणसालाही घातक आहे, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीवर विषाणूरोग येऊ शकतो.

युरियाचा हात आवरा. त्यानं फूट कोवळी, लुसलुशीत येते आणि रस शोषणाऱ्या किडी तिच्यावरच तुटून पडतात. नवीन आणलेलं झाड दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा.

चौथ्या फवारणीनंतर आठवड्यानं तीन जागा तपासा: शेंड्याची बेचकी, कुंडीच्या काठाची आतली बाजू आणि बुंध्यापाशी मातीचा वरचा थर. काठाखाली पांढरी पूड दिसली तर कीड मुळांकडे उतरली असू शकते. मग झाड काढून मुळं धुवा आणि नव्या मातीत लावा. तिन्ही जागा कोरड्या, स्वच्छ असतील आणि नवं पान न आखडता सपाट उघडलं असेल, तर स्टँडखालच्या वाट्या तेवढ्या ठेवा, फवारा बंद करा.