सुपरहिरोचा पिक्चर बघून इंग्रजी: वही घ्या, पण स्पेलिंग लिहू नका

'पिक्चर बघत राहा, इंग्रजी आपोआप येते' हा सल्ला ज्यानं दिला त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्या बेळगावातल्या शहापूरची पोरं सगळे सुपरहिरो तीन-तीनदा बघून बसलीत. फोनवर कोणी इंग्रजी बोललं की मोबाइल शेजारच्याच्या हातात.

आधी पिक्चर नीट निवडा. थॉरसारखा देवलोकातला गडी नको, तो जुन्या दरबारी वळणाचं बोलतो. मी 2002 सालचा 'स्पायडर-मॅन' घेतला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं साधं घर, काका-काकू, शाळा, पुढे नोकरीची शोधाशोध. बोलणं रोजचं. हिंदी डबिंग बंद करा आणि एकदा गोष्टीसाठी म्हणून पूर्ण बघून टाका.

मग त्यातली फक्त दोन मिनिटं घ्या. मारामारीची नकोत, घरात बसून बोलतात ती.

आता खरी मेख. सबटायटल बंद ठेवा, एक वाक्य ऐका, थांबवा आणि कानाला जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग लिहायला गेलात की हात शाळेत पाठ केलेलं लिहितो, ऐकलेलं नाही. मी वर्षभर तसंच केलं, वर्ष वाया गेलं. देवनागरीत लबाडी जमत नाही. 'गॉना' ऐकलं तर 'गॉना'च लिहावं लागतं, आणि मग कळतं की 'गोइंग टू' गिळलंय. हे गिळणं आपल्याला नवं नाही. 'गेलो आहे'चं आपण 'गेलोय' करतो. 'मी करतो'ला कन्नड पुस्तकात 'माडुत्तेने', आमच्या गणपत गल्लीत 'माडतेनि'. मात्र 'गॉना'पुढे क्रियापदच येतं, गाव नाही. 'आयम गॉना गो' चालेल, 'आयम गॉना बेळगाव' नाही.

सगळ्यात जास्त दगा 'कॅन' आणि 'कॅन्ट' देतात. उद्यमबागेत एका कारखान्यात असताना बाहेरच्या गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं की सोमवारी माल घेता येणार नाही. मी ऐकलं, येईल. गाडी भरून पाठवली, परत आली. चूक माझ्या कानाची. अमेरिकन माणूस शेवटचा 'ट' बहुतेक वेळा घशातच ठेवतो, त्यामुळे 'ट' शोधत बसू नका, स्वर ऐका. होकार असला की शब्द घाईत 'कन' असा निसटतो: 'आय कन गो'. नकार असला की 'कॅ' ठसठशीत येतो आणि मागे झटका बसतो: 'आय कॅन– गो'. एवढं एक कानात बसलं तरी पिक्चरचे पैसे वसूल.

दुसरा चोर म्हणजे 'आयड'. यात 'आय वुड' असतं नाहीतर 'आय हॅड'. पुढचं क्रियापद बघा. 'आयड गो' म्हणजे वुड, 'आयड गॉन' म्हणजे हॅड. 'आयड बेटर गो' मात्र हॅडच, ते तसंच पाठ करा. 'कम', 'पुट', 'रन' यांची रूपं दोन्हीकडे सारखी, तिथं प्रसंगावरूनच ठरवायचं. व्याकरणाच्या तक्त्यात हे मला दहा वर्षं दिसलं नव्हतं.

लिहून झालं की इंग्रजी सबटायटल लावून ताडून बघा. सबटायटलवाले कधीकधी वाक्य कापतात, म्हणून कान आणि अक्षर जुळलं नाही तर पुन्हा ऐका. लगेच स्वतःला चुकीचं ठरवू नका. मग त्याच चालीवर मोठ्यानं म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

स्लँग समजून घ्या, वापरायला उतावीळ होऊ नका. 'आय गॉट धिस' म्हणजे 'मी बघतो की'. मित्रात ठीक. 'एन्ट' म्हणजे 'इजन्ट', 'आरन्ट'चं बोलीतलं रूप, ते कळायलाच हवं, पण नोकरीच्या अर्जात लिहिलंत तर हेडमास्तरांना 'काय बे' म्हटल्यागत होईल.

दुसऱ्या दिवशी नवा तुकडा घ्यायचा नाही, तोच घ्यायचा. पडद्याकडे पाठ करून भांडी विसळताना प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला की पुढं जा. माझ्या पहिल्या दोन मिनिटांना नऊ दिवस लागले होते.