स्वप्ननगरीची कादंबरी वाचताना आधी चूल शोधा

दक्षिण आशियातल्या कादंबऱ्यांत युटोपिया, म्हणजे आदर्श समाजाचं स्वप्न, बहुधा एखाद्या ठोस जागी भेटतो: बेटावर, वस्तीत, अगदी कबरस्तानातही. म्हणून लेखकाची विचारसरणी शोधत बसू नका. वहीत चार रकाने आखा: जमीन कोणाची, पाणी-वीज कुठून, रांधणं-झाडणं कोणाकडे, आणि आत कोणाला घेत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक घाला, नाहीतर चर्चेत सगळं हवेत जातं.

हात बसवायला रुकैया सखावत हुसैन यांची 1905 ची ‘सुलतानाज ड्रीम’ घ्या. एका बैठकीत संपते. उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक, ढगांतून ओढलेलं पाणी, बायकांना रोज दोनच तास काम, असे रकाने भराभर भरतात. चौथ्यात मात्र पुरुष येतात, मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या भागात, कोंडलेले. इथे बरेच वाचक ‘हाही अन्यायच’ म्हणून थांबतात. थांबू नका. पडद्याची रीत उलटी केल्यावर ती किती विचित्र दिसते, तेच या कथेला दाखवायचं आहे.

मग अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ (2004). हिला निदान तीन बैठका द्या, कारण सुंदरबनात इथे दोन स्वप्नं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची गल्लत हमखास होते. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश साहेबाने जमीन विकत घेऊन जातपात नसलेली वसाहत मांडली. मोरिचझापी बेटावरची वस्ती मात्र दंडकारण्यातल्या सरकारी छावण्यांतून निघून आलेल्या बंगाली, बहुतांश दलित निर्वासितांनी स्वतः उभी केली. सरकारी राखीव जंगलात. पहिल्या रकान्यातला हा फरकच पुढचं सगळं ठरवतो. 1979 मध्ये पोलिसांनी बेटाला वेढा घातला, अन्न-पाणी तोडलं आणि वस्ती उठवली. तेव्हा ‘युटोपिया फसला’ असं लिहू नका. तो मोडून काढला. आधी तिथे मिठागरं, कूपनलिका आणि मासळीचे बांध उभे राहिले होते, तेही नोंदवा.

आणखी एक सावधगिरी: मोरिचझापीची हकिगत बरीचशी निर्मलच्या वहीतून येते. तो क्रांतीचं स्वप्न पाहणारा निवृत्त मुख्याध्यापक. त्याची बायको निलिमा दवाखाना चालवते. तो टिकायला सरकारची मर्जी लागते, म्हणून ती निर्वासितांपासून लांब राहते. तिला भित्री ठरवण्याआधी तिच्या दवाखान्यासाठीही हेच चार रकाने भरा. गटात वाचत असाल तर निम्म्यांनी निर्मलची बाजू घ्यावी, निम्म्यांनी निलिमाची. दीड तास सहज जातो.

अरुंधती रॉय यांच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’ (2017) मध्ये अंजुम ही हिजडा नायिका दिल्लीच्या कबरस्तानात थडग्यांभोवती खोल्या बांधून जन्नत गेस्ट हाउस थाटते. इतरांनी नाकारलेल्यांचे अंत्यविधीही तिथे होतात. इथे राहायला मनाई आहे असं पालिकेचा माणूस सांगायला येतो, तेव्हा ती म्हणते, मी इथे राहत नाही, मरतेय. हा प्रसंग पहिल्या रकान्यात लिहा. विनोद म्हणून सोडून दिलात तर जमिनीचा प्रश्न निसटतो.