धंदा वाढवायचा असेल तर आधी गल्ला आणि खिसा वेगळा करा

नाशिकच्या रविवार कारंजावरचं फरसाणाचं दुकान असो, अंबडमधलं दोन लेथचं वर्कशॉप असो की दिंडोरीतलं ठिबकचं दुकान, धंदा कसा चाललाय विचारलं की मालक विक्रीचा आकडा सांगतो. विक्री वाढूनही महिनाअखेरीला हातात काही राहत नसेल, तर बाजाराला दोष देण्याआधी गल्ला तपासा. समोर पडलेला आपलाच पैसा न उचलणं ही पहाटे उठण्यापेक्षा अवघड शिस्त आहे, आणि वाढीचं भांडवल बहुतेकांना तिथूनच मिळतं.

सुरुवात रात्रीच्या हिशेबापासून करा. शटर अर्धं ओढा आणि नोटा मोजण्याआधी वहीत लिहा. समजा सकाळी गल्ल्यात सुट्ट्यांसह २,००० रुपये होते. दिवसाची विक्री १८,४००: रोख ७,१५०, यूपीआय ९,६५०, उधार १,६००. जुन्या उधारीचे ९०० रोख आले. हमाली, पिशव्या, चहा यांत ६४० गेले, बेसनवाल्याला ३,००० दिले. म्हणजे गल्ल्यात ६,४१० हवेत. आता मोजा. निघाले ६,११०.

हे ३०० सहसा कुणी चोरलेले नसतात. दुपारी घरून फोन आला म्हणून घेतलेली भाजी, गाडीत टाकलेलं पेट्रोल, मुलाच्या हातात दिलेली नोट, असे ते गेलेले असतात. रोजचे ३०० म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. फरक ‘किरकोळ खर्च’ म्हणून मिटवू नका, ‘फरक ३००’ असाच लाल पेनाने लिहा. किरकोळ हे नाव एकदा वहीत बसलं की त्याखाली काहीही खपतं. हिशेब त्याच रात्री करा, सकाळी निम्मं आठवत नाही. क्यूआर कोड दुकानाच्या चालू खात्याचाच लावा. तो मुलाच्या किंवा बायकोच्या खात्याला जोडलेला असेल, तर यूपीआयचा मेळ कधीच बसणार नाही.

मग स्वतःला पगार लावा. गेल्या तीन महिन्यांचा घरखर्च काढा, सरासरी धरा आणि तेवढी रक्कम १ तारखेला चालू खात्यातून घरच्या बचत खात्यात टाका. पहिल्या महिन्यात २० तारखेच्या आसपास ती संपते आणि हात पुन्हा गल्ल्याकडे जातो, कारण शाळेची फी, विम्याचा हप्ता, लग्नाचा आहेर सरासरीत धरलेले नसतात. अशा वेळी पैसे घ्या, पण कामगाराच्या उचलीसारखी उचल लिहा आणि पुढच्या दोन पगारांतून कापा. मालक स्वतःची उचल कापतो हे दिसलं की कामगारांच्या उचलीही आवाक्यात येतात.

जीएसटीचा पैसा आपला नव्हेच. दर शनिवारी आठवड्याच्या विक्रीतला कर काढून वेगळ्या खात्यात ठेवा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची विक्रीची माहिती ११ तारखेपर्यंत आणि कर २० तारखेपर्यंत जावा लागतो. उशीर झाला की १८ टक्के दराने व्याज, वर लेट फी.

उधारीचं दुखणं मात्र मनाचं आहे. पैसे मागितले तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने मालक गप्प बसतो. म्हणून वेळ ठरवून टाका: दर सोमवारी ११ ते १, तीस दिवसांवरच्या सगळ्या बिलांसाठी फोन. ‘जरा बघा ना’ म्हणू नका, तारीख मागा आणि ती त्याच्यासमोर लिहून घ्या. सातपूर-अंबडच्या जॉबवर्कवाल्यांनी माल उतरला त्याच दिवशी चलनावर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि बिलही त्याच दिवशी द्यावं. पोच नाही म्हणून बिल अकाउंट्समध्ये पडून राहतं आणि आपण समजतो पार्टी बुडवतेय. लघुउद्योगाची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, ती करून नंबर बिलावर छापा. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हा आधार नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या दुकानदारांचं गणित वेगळं. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीपासून औषधं-खतं उधार जातात आणि पैसे बागेचा माल निघाल्यावर येतात. अवकाळीने एक बाग गेली की दुकानाचं वर्ष जातं. तिथे सोमवारचे फोन पुरत नाहीत. हंगामाआधीच प्रत्येक खात्याची मर्यादा ठरवून वहीत लिहा आणि ती नातेवाइकांनाही लावा. या जिल्ह्यात दुकानं बुडतात ती बहुधा जवळच्यांच्या उधारीने.

दुसऱ्या शाखेचा विचार त्यानंतर. त्याआधी तुमच्याशिवाय पहिली चालते का ते पाहा. ‘मी बनवला तरच कट (तिखट रस्सा) जमतो’ असं मिसळवाला सांगतो, कारण मसाला मुठीने पडतो आणि त्याची मूठ कामगाराच्या मुठीपेक्षा वेगळी असते. सलग सात दिवस स्वतःची मूठ काट्यावर तोला, सरासरी ग्रॅम काढा, किती लिटर कटाला किती, ते कागदावर लिहून शेगडीजवळ चिकटवा. नंतर आठवडाभर दुपारी ४ ते ७ दुकानाबाहेर राहा आणि फोनही करू नका. जे अडेल ते पुढचं लिहून काढायचं काम.

यंदा ही घाई जास्त दिसते, कारण २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे आणि जो तो पंचवटीत गाळा शोधतोय. मेळा बारा वर्षांनी येतो, कर्जाचा हप्ता दर महिन्याला. तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि वीजबिल बँकेत शिल्लक असेल आणि रात्रीचा हिशेब सलग ९० दिवस जुळला असेल तरच जागा घ्या. करार मेळ्यापुरता करा, न खपलेला माल परत घेण्याचं घाऊकवाल्याकडून लिहून घ्या, आणि हप्ता तेवढाच ठेवा जो जुन्या दुकानाच्या सर्वात मंद महिन्यातही फिटेल.