ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटरने श्यानता मोजताना

श्यानता म्हणजे द्रवाच्या वाहण्याला त्याच्याच थरांकडून होणारा विरोध. ती मोजण्यासाठी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ओस्टवाल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी काचेची यू-आकाराची नळी वापरतात. ही नळी श्यानता थेट दाखवत नाही. तिच्यातल्या काचेच्या फुग्याच्या वरच्या आणि खालच्या खुणांमधला द्रव केशनलिकेतून, म्हणजे केसासारख्या बारीक भागातून, स्वतःच्या वजनाने खाली उतरण्यास किती सेकंद लागतात, एवढेच तिच्यावरून कळते, आणि त्याच नळीतून पाण्याला लागलेल्या वेळेशी तुलना करून श्यानता काढावी लागते. त्यामुळे या प्रयोगाचे यश आकडेमोडीपेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा घाईने उरकली जाते.

प्रथम नळी स्वच्छ करावी. प्वाझय यांच्या नियमानुसार केशनलिकेतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणजे आत साचलेल्या थरामुळे त्रिज्या १ टक्क्याने जरी घटली तरी वेळ सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. साबणाचे सौम्य द्रावण, भरपूर ऊर्ध्वपातित पाणी आणि शेवटी थोडे अॅसिटोन अशा क्रमाने नळी धुऊन ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. नळी हाताळताना एका वेळी एकच भुजा धरावी. दोन्ही भुजा मुठीत दाबल्या की नळी वाकणाशी तडकते.

नळी स्टँडला ओळंब्यात, अगदी उभी लावून फुगे पूर्ण बुडतील अशी वॉटर बाथमध्ये, म्हणजे स्थिर तापमानाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवावी. तापमानाबाबत कोणतीही तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याची श्यानता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते, आणि ग्लिसरीनसारख्या दाट द्रवात हा बदल कितीतरी मोठा असतो. सकाळी पाण्याचे वाचन आणि दुपारी नमुन्याचे, असे खोलीच्या तापमानावर विसंबून केले, तर काढलेल्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

आता रुंद भुजेतून पिपेटने ऊर्ध्वपातित पाण्याचे ठरावीक घनफळ सोडावे आणि बाथचे तापमान नळीतल्या द्रवापर्यंत पोहोचण्यासाठी दहा मिनिटे थांबावे. नमुन्याचेही अगदी तेवढेच घनफळ घ्यावे लागते, कारण द्रवाला खाली ढकलणारा दाब दोन भुजांमधल्या पातळ्यांच्या फरकावर ठरतो. अरुंद भुजेला रबरी नळी आणि हवा ओढणारा रबरी फुगा जोडून द्रव वरच्या खुणेच्या थोडा वर ओढावा. तोंडाने कधीही ओढू नये. बुडबुडा दिसल्यास द्रव खाली सोडून पुन्हा ओढावा. मग रबरी फुगा काढावा, पातळी वरच्या खुणेला टेकताच स्टॉपवॉच सुरू करावे आणि खालच्या खुणेला टेकताच थांबवावे. डोळा खुणेच्या समपातळीत हवा. किमान तीन वाचने परस्परांशी जुळेपर्यंत प्रयोग करावा. वेळ फार कमी येत असेल, तर अधिक बारीक केशनलिकेची नळी घ्यावी, कारण घड्याळ दाबण्यातली चूक मोठी ठरते आणि वेगाने वाहणाऱ्या द्रवासाठी पुढील सूत्रही नीट लागू पडत नाही.

त्यानंतर नळी धुऊन, वाळवून नमुन्यासाठी हीच कृती करावी आणि त्याची घनता घनता बाटलीने त्याच तापमानाला मोजावी. नमुन्याची घनता व वेळ यांच्या गुणाकाराला पाण्याची घनता व वेळ यांच्या गुणाकाराने भागावे आणि उत्तराला पाण्याच्या श्यानतेने गुणावे. समजा, २५ अंशांना पाण्याला १०० सेकंद आणि इथेनॉलला १५३ सेकंद लागले. घनता अनुक्रमे ०.९९७ आणि ०.७८५ ग्रॅम प्रति मिलिलीटर, तर पाण्याची श्यानता ०.८९० मिलिपास्कल-सेकंद धरल्यास इथेनॉलची श्यानता सुमारे १.०७ मिलिपास्कल-सेकंद येते. घनता विसरून केवळ वेळांची तुलना केली असती, तर ती १.३६ आली असती.

टोमॅटो केचप किंवा रंग यांच्यासाठी मात्र ही नळी वापरू नये. असे पदार्थ ढवळल्यावर पातळ होतात, त्यामुळे त्यांची श्यानता एका आकड्यात सांगता येत नाही. त्यांच्यासाठी फिरत्या दांड्याचा व्हिस्कोमीटर घेऊन प्रत्येक वाचनासोबत दांडीचा क्रमांक, फेऱ्यांचा वेग आणि तापमान नोंदवावे.