कर्ज फिटलं पण रेकॉर्डवर अजून चालूच दिसतंय? तक्रारीला जायच्या आधी एवढं जमवून ठेवा

शेवटचा हप्ता गेला म्हणजे कर्ज मिटलं असं धरून बसू नका. खातं बँकेच्या सिस्टीममध्ये बंद होणं वेगळं आणि ते बंद झालंय हे सिबिलला, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळणं वेगळं, आणि दोन्हीकडं भांडायचं तर हातात तारखेचा कागदच लागतो.

माझंच सांगते. स्कूटीचं लोन फिटलं, दोन वर्षांनी घरासाठी अर्ज केला तर मॅनेजरनी रिपोर्ट माझ्याकडं फिरवला, त्यात ते लोन ॲक्टिव्ह आणि खाली थकबाकी ५९०. कधीतरी हप्ता बाउन्स झाला होता त्याचा ५०० दंड आणि वर जीएसटी, मला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. नो ड्यूज लेटर, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र, मी मागितलंच नव्हतं, तीच माझी चूक.

म्हणून पहिलं काम, पैसे भरायच्या आधी फोरक्लोजर लेटर घ्या, त्यात रक्कम आणि ती कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते असतं. भरल्यावर पावती, यूटीआर नंबर (ऑनलाइन भरलेल्या पैशाचा ओळख क्रमांक), शून्य बाकी दाखवणारं स्टेटमेंट, नो ड्यूज, आणि दिलेले कोरे चेक परत. ऑटो डेबिट बंद करायचा अर्ज पण त्याच दिवशी द्या.

मग रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि चारही बघा कारण एकात दुरुस्त होतं नि दुसऱ्यात तसंच राहतं. 'क्लोज्ड' (पूर्ण फिटलं) लिहिलंय की 'सेटल्ड' (कमी पैशात तडजोड करून मिटवलं) हे नीट वाचा, पूर्ण पैसे भरून सेटल्ड पडलं असेल तर ती चूक दुरुस्त करून घ्यायलाच पाहिजे, पुढचा बँकवाला त्याच शब्दावर अडून बसतो. आपल्या बेळगाव भागात आणखी एक भानगड, जुन्या कागदावर बेलगाम, २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी, उताऱ्यावर नाव कन्नडात आणि आधारवर स्पेलिंग भलतंच, त्यामुळं नाव-पत्ता जुळवून आधार, पॅनच्या झेरॉक्स जोडूनच ठेवा.

तक्रार तोंडी नको. ब्रँचमध्ये अर्ज द्या नि दुसऱ्या कॉपीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, किंवा मेल करून तक्रार नंबर घ्या. त्या तारखेपासून ३० दिवस मोजायचे, रिपोर्टमधली चूक तेवढ्यात निस्तरली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. घराचे मूळ कागद अडकले असतील तर नियम आणखी कडक, १ डिसेंबर २०२३ पासून घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत आणि बोजा कमी, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. हे अर्जात लिहा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

बोजा मात्र स्वतः तपासा. लोन कोल्हापूरच्या ब्रँचचं असलं तरी जागा निपाणी, खानापूरकडची असेल तर बोजा इकडच्याच सब-रजिस्ट्रारकडं उतरतो, कावेरी या कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून ईसी (जागेवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढा, शेती असेल तर पहाणीचा, म्हणजे कर्नाटकातल्या शेतीच्या उताऱ्याचा, ११ नंबरचा कॉलम बघा. गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरटीओला जायचं, आरसीवरचं फायनान्सचं नाव आपोआप जात नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करा, फुकट आहे, वेळ लावू नका. माहितीसाठी १४४४८ आहे, मराठीतही बोलता येतं. पण कर्ज सोसायटीचं किंवा सौहार्दचं (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था) असेल तर लोकपाल काही करू शकत नाही, तिथं सहकार खात्याच्या निबंधकाकडं जावं लागतं, आपल्याकडं निम्मी कर्जं तशीच असल्यासारखं वाटतं म्हणून मुद्दाम सांगते. ग्राहक आयोगाचा रस्ता पण आहेच, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि तिथंही ती शिक्क्याची कॉपीच पहिली मागतात.