मोटारसायकलचा अपघात झाला तर आधी काय कराल

मागच्या पावसाळ्यात साताऱ्याजवळ शेंद्रे फाट्यावर माझ्या धाकट्या भावाला टेम्पोनं मागून धडक दिली. घाबरून आम्ही फोटो न काढताच गाडी गॅरेजला नेली. पुढे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, पटवताना नाकीनऊ आले.

तुम्ही आधी १०८ला फोन करा, जखमीला दवाखान्यात पोचवा. तिथं ‘घसरून पडलो’ म्हणू नका, धडक बसली हेच लिहून घ्यायला लावा. दाव्यात तो कागद लागतोच. सोबतच्यानं समोरच्या गाडीचा नंबर, रस्त्यावरच्या खुणा, दोन्ही गाड्या यांचे फोटो काढावेत. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

‘दोन हजार घ्या, मिटवू’ असं कुणी म्हटलं तर कृपा करून मिटवू नका. भावाचा गुडघा तिसऱ्या दिवशी सुजला. पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याची नक्कल मागा.

नुसत्या थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्यातून आपल्या गाडीचा खर्च निघत नाही. दुखापतीच्या भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यानं त्याला ६ महिन्यांची मुदत घातली आहे. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, हे आजच बघा. लायसन्सची तारीखही.