परदेशी लिलावात चादर विकायची? आधी काट्यावर ठेवा

सोलापूरच्या चाटी गल्लीत घाऊक भावात अकराशेला घेतलेली मोरपंखी चादर अमेरिकेत 32 डॉलरला गेली, असं सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात 85 ने गुणतो. 2,720 रुपये! म्हणजे एका चादरीमागे सोळाशे सुटले. पहिल्या लिलावात मीही असंच गुणून घरी पेढे आणले होते. पेढ्यांचे पैसेसुद्धा त्या चादरीतून निघाले नाहीत.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीची भारतातली साइट ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली, पण इथे बसून त्यांच्या अमेरिकन किंवा ब्रिटिश साइटवर माल लावता येतो. खातं उघडणं, फोटो काढणं ही कामं घरातलं कॉलेजचं पोरगं तासाभरात शिकवेल. ते शिकवणार नाही तो हिशेब, आणि तो उलट्या टोकाने करायचा असतो. वजन आधी, भाव शेवटी.

1. माल पॅक करा, मगच वजन करा

नुसत्या चादरीचं वजन उपयोगाचं नाही. घडी, प्लास्टिक, बाहेरचं कापड किंवा खोकं, चिकटपट्टी, पत्त्याचा कागद असं सगळं करून मग काट्यावर ठेवा. माझी चादर 1 किलो 400 ग्रॅम होती, पार्सल झालं 1 किलो 520. परदेशी स्पीड पोस्टाचा दर 250 ग्रॅमच्या टप्प्याने चढतो. म्हणजे वरच्या 20 ग्रॅमसाठी मी पावणेदोन किलोचे पैसे भरले. खोक्याऐवजी जाड प्लास्टिकची पिशवी घेतली की तेवढं सहज उतरतं. आता घरी किराणा दुकानातला डिजिटल काटाच आणून ठेवलाय.

खासगी कुरिअरला वजनाइतकीच खोक्याची मापं महत्त्वाची. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, की ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन निघतं. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. एकदा मी टर्किश टॉवेल 40 बाय 35 बाय 30 च्या खोक्यात भरले. काट्यावर 4 किलो 200, हिशेबात 8 किलो 400. काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, “मालक, टॉवेल पाठवूलालाय का हवा?” टॉवेल दाबून, हवा काढून पिशवीत बसवले असते तर निम्मे पैसे वाचले असते. चूक माझीच होती, त्याची नव्हे.

2. कमिशन कशावर लागतं ते नीट समजून घ्या

नव्या विक्रेत्याची सर्वात मोठी फसगत इथेच होते. ईबेची विक्रीनंतरची फी मालाच्या बोलीवर लागते असं वाटतं. प्रत्यक्षात ती खरेदीदाराने दिलेल्या एकूण रकमेवर लागते, म्हणजे माल अधिक शिपिंग अधिक तिकडचा विक्रीकर. टक्केवारी मालाच्या वर्गाप्रमाणे बदलते. शिवाय 10 डॉलरवरच्या प्रत्येक ऑर्डरला 40 सेंट वेगळे. हिशेबाला सोपं जावं म्हणून 13 टक्के आणि डॉलर 85 रुपये धरू.

बोली 32 डॉलर. शिपिंग 22. तिकडचा कर समजा 4. एकूण 58. त्याचे 13 टक्के 7.54, वर 40 सेंट, म्हणजे फी 7.94 डॉलर. बघा, 32 डॉलरच्या मालावर ही जवळजवळ चौथाई झाली. कर तुमच्या हातात येतच नाही, पण त्यावरही फी लागली. 22 डॉलर तर पोस्टाला द्यायचे, त्यावरही फी लागली.

हातात आले 46.06. हे पैसे पेओनियर या परदेशी पैसे वळवून देणाऱ्या कंपनीमार्फत रुपयांत येतात. तिथे दोन टक्के गेले असं धरा, उरले 45.14. त्यातून पोस्टाचे 22 वजा केले की 23.14 डॉलर, म्हणजे सुमारे 1,967 रुपये. चादरीचे 1,100, पॅकिंगचे 60, पोस्टापर्यंत रिक्षाचे 80. शिल्लक 727. मनातल्या सोळाशेचे सातशे झाले, आणि तिकडची ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, अजून यायचीच आहे.

‘फ्री शिपिंग’ लिहिल्याने फी वाचत नाही, कारण ती एकूण रकमेवरच आहे. उलट लिलावात फ्री शिपिंग म्हणजे आत्मघात. बोली दहा डॉलरवर अडकली तर पोस्टाचे पैसेही तुमच्याच खिशातून.

3. तिकडची ड्युटी

अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय सुटायचं. ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून संपली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं काही आठवडे थांबवली आणि 15 ऑक्टोबर 2025 पासून पुन्हा सुरू केली, पण आता ड्युटी पाठवतानाच इथे भरायची. तेव्हाचा दर जाहीर किमतीच्या 50 टक्के होता. वरच्या चादरीला तो लावा: 32 चे 16 डॉलर, म्हणजे 1,360 रुपये. नफा 727 होता, आता तोटा 633. हे दर सारखे हलतात, म्हणून लिलाव लावायच्या दिवशी पोस्टात विचारा आणि आकडा शिपिंगमध्ये तरी धरा, नाहीतर सुरुवातीच्या बोलीत.

बाकीच्या देशांचं गणित त्या मानाने सरळ आहे. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंत, युरोपीय संघात 150 युरोपर्यंत आणि ऑस्ट्रेलियात 1000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालाचा व्हॅट किंवा जीएसटी साइटच खरेदीदाराकडून घेऊन भरते. मी नवख्यांना पहिली चार-पाच पार्सलं ब्रिटनलाच पाठवायला सांगतो. शिपिंगच्या खान्यात प्रत्येक प्रदेशाचा वेगळा दर टाका आणि जिथला दर माहीत नाही तो देश सरळ वगळा.

एक मोह टाळा. फॉर्मवर ‘भेटवस्तू’ लिहून किंवा किंमत दहा डॉलर दाखवून ड्युटी चुकवू नका. साइटवर तुमची विक्री उघड दिसत असते. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या दहा डॉलरच्या हिशेबानेच मागावी लागेल.

4. कागदपत्रं

आयईसी, म्हणजे निर्यातदाराचा नोंदणी नंबर, डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या) साइटवर पॅनवरून मिळतो, फी 500 रुपये. एप्रिल ते जून या काळात दरवर्षी त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. मी एकदा विसरलो होतो. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरून मग परत मागण्याची कटकट राहत नाही. नोंदणी नसेल तर ‘माझी उलाढाल कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका, सीएला विचारा.

टपाल खात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. त्यात निर्यातीचं बिल ऑनलाइन भरून पार्सल पोस्टात देता येतं. मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी त्या प्रकारच्या मालाला ठरलेला आकडा, मात्र लागतो. सुती टर्किश टॉवेलचा 6302 60 ने सुरू होतो. चादरीचा कोड ती पलंगावर घालायची की पांघरायची यावर फिरतो, म्हणून तो एकदाच जाणकाराकडून ठरवून घ्या आणि प्रत्येक पार्सलला तोच लिहा.

लिलाव म्हटलं की जुन्या वस्तू आल्याच. आजीची समई, पेटीतली नाणी. इथे थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू (हस्तलिखितांना मर्यादा 75 वर्षांची) खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याचा, वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. शेंगदाणा चटणी मागणारेही भेटतात. खाद्यपदार्थांचे नियम प्रत्येक देशाचे निराळे, मी त्या वाटेला जात नाही.

5. आता भाव लिहा

माल, पॅकिंग, रिक्षा, ड्युटी, पैसे वळवण्याची कात्री आणि फी, हे सगळं भागेल तीच सुरुवातीची बोली. 99 सेंटपासून सुरू केलं की गर्दी जमते हे खरं, पण दोघांना एकाच वेळी हव्या असणाऱ्या दुर्मीळ वस्तूला ते शोभतं, चादरीला नाही. ‘रिझर्व्ह’ किंमत, म्हणजे जिच्याखाली माल विकला जात नाही अशी किंमत, ठेवायची सोय आहे, पण तिची फी माल विकला नाही तरी लागते. त्यापेक्षा सुरुवातच नीट ठेवा.

वर्णनात मापं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्ही द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा बाहेरून आलेल्या नकली मालावर हे नाव लिहू नका. ‘सांगितलं ते आलं नाही’ म्हणून माल परत आला तर दोन्ही बाजूंचं भाडं अंगावर पडतं. ट्रॅकिंग नंबरशिवाय काहीच पाठवू नका. ‘मिळालं नाही’ अशी तक्रार आली की तोच एक पुरावा.

लिलाव सात दिवसांचा लावा आणि अमेरिकेत रविवारी संध्याकाळी संपेल असा धरा. त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी सात वाजले की आपल्याकडे सोमवारची सकाळ, उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. चहा पिताना शेवटच्या बोली बघता येतात. सोमवारी पोस्टात रांग मोठी असते, म्हणून मी पार्सल मंगळवारी देतो आणि माल पाठवण्याची मुदत तीन दिवस लिहितो.